माहेरचा हीटर

पुण्याच्या भाच्यानं, हर्षलनं, दिवाळीत दिलेला हीटर झुंबरबाईंनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नव्हता. लेक पुष्पांजली बाळाला घेऊन मेहकरला सासरी निघाली, तेव्हा तोच नव्या चमकी कागदात बांधून त्यांनी बाळंतविड्यात दिला. "खास तुह्या बाळासाठी घेतला बाई," असं वर सांगितलंही.

ऐन थंडीत हर्षलचा फोन आला. "मामी, तो हीटर अजिबात लावू नका. पेट घेतो म्हणून कंपनी सगळे परत मागवून राह्यली. बिल माझ्याकडंच आहे, मी बदलून आणतो."

उकंडराव बायकोला म्हणाले, "अवं, पोरीले आत्ताच्या आत्ता फोन लाव."

"अन् सांगू काय? बाळंतविड्यात फुकटातला हीटर देला म्हणून? विहीणबाई माह्या पोरीले जन्मभर टोमणे मारतीन. त्यायच्या घरी चांगला मोठा हीटर हाय. आपला पडला असन माळ्यावर."

उकंडरावांनी स्वतःच फोन उचलला, तर बाईंनी तो हातातून काढून पदराखाली घेतला.

आठवड्याभरात मेहकरहून निरोप आला. हीटरनं पेट घेतला होता. बाळ वाचलं, पण त्याला पाळण्यातून ओढून काढताना पुष्पांजलीचे दोन्ही हात भाजले.

दवाखान्यात विहीणबाई झुंबरबाईंच्या गळ्यात पडून रडल्या.



"आमचा हीटर होता हो घरात. पण सूनबाई ऐकेच ना. म्हणे, माह्या बाळापाशी माह्या आईनं देलेलाच लावा."