आभारप्रदर्शन

"सभा संपली की लगेच दिवा उतरवायचा," लेखापालांनी शिडी धरून उभ्या असलेल्या वायरमनला पुन्हा बजावलं. "आधी नाही, आणि नंतर रेंगाळायचंही नाही."

विभागीय सल्लागार मंडळाची वार्षिक सभा या वेळी दवाखान्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर भरली होती. सगळ्यांत वर अध्यक्ष, त्यांच्या खाली उपाध्यक्ष, मग ज्येष्ठतेनुसार बाकीचे. पायऱ्यांवर खुर्च्या मावत नव्हत्या, त्यामुळे मंडळाच्या इतिहासात प्रथमच प्रत्येक जण आपापल्या पायरीवर बसला होता.

मंडळाचं काम सल्ला देणं. त्यासाठी वर्षाला जे पैसे मिळत ते सभा, चहापान, प्रवास आणि छपाईवर खर्चायचे. प्रत्यक्ष कामावर एक पैसाही खर्चायचा नाही, कारण काम केलं की तो सल्ला राहत नाही, असं लेखापालांचं म्हणणं. वर्षअखेर पैसे उरले तर पुढच्या वर्षी तेवढे कमी येत. म्हणून दर वर्षअखेरीला मंडळाला खरेदीचा झटका येई. भांडारात दोन ध्वनिक्षेपक होते, एक भलामोठा पडदा होता, आणि कशासाठी घेतल्या ते कुणालाच न आठवणाऱ्या छत्र्यांचा ढीग होता.

या वर्षी खरेदी सुचवली ती सिस्टरनी. सिस्टर म्हणजे खालच्या दवाखान्यातल्या परिचारिका, मंडळातल्या एकुलत्या एक महिला सदस्य. या पायऱ्यांवर दिवा लावावा असा सल्ला त्या दर वर्षी देत. मंडळ तो एकमताने वर पाठवी. वरून छापील उत्तर येई: सल्ल्याबद्दल धन्यवाद. शेवटी वैतागून त्यांनी विचारलं होतं, "सभाच पायऱ्यांवर घेतली तर?" लेखापालांनी नियम चाळले. सभेच्या जागी अंधार असेल तर दिवा म्हणजे सभेचीच व्यवस्था. खांब आला, दिवा आला, उरलेले पैसे संपले. सगळे खूश.

सभाही कधी ना कधी संपते, एवढं मात्र सिस्टरच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आता लागलाच आहे, तर राहू द्या की," त्या म्हणाल्या.

"वा! सभा नसताना दिवा जळला, तर ते काम झालं," लेखापाल म्हणाले. "कामाला आपल्याकडे लेखाशीर्ष नाही. दिवा भांडारात जमा."

"भांडारात कोण घसरून पडतंय?"

"भांडाराला कुलूप असतं, सिस्टर."

सिस्टर अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, गेल्या महिन्यात दिवस भरलेली बाई इथूनच गडगडली. तुम्ही बसलाय त्याच पायरीवरून."

अध्यक्ष जरा सरकून बसले. "वाचली ना पण?"

"बाई वाचली."

"चला, तेवढं तरी बरं झालं," अध्यक्ष म्हणाले आणि कार्यक्रमपत्रिकेत डोकावले. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तर आता शेवटचा विषय, आभार. करा सिस्टर सुरू. थोडक्यात हं, माझे गुडघे बोलायला लागलेत."

आभार दर वर्षी सिस्टरच मानत. ते काम बाईमाणसाला शोभतं, असं मंडळाचं मत होतं. बाईमाणसाला कुणी विचारलं नव्हतं.

सिस्टर उठल्या नाहीत. "मी नाही मानणार."

"म्हणजे?"

"म्हणजे मानेन. पण आत्ता काही सुचत नाहीये. सुचलं की मानते."

"अहो, तोंडपाठ आहे तुम्हाला!"

"गेलं डोक्यातून."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "बरं, प्राचार्य, तुम्ही माना."

निवृत्त प्राचार्य घसा खाकरत उठलेसुद्धा, पण लेखापालांनी हात आडवा घातला. "नाही चालणार. पत्रिकेत नाव सिस्टरचं आहे, आणि पत्रिका मंजूर झालीये."

"मग बदला की पत्रिका!"

"त्यासाठी नवी सभा बोलवावी लागेल. एक सभा चालू असताना दुसरी बोलवता येत नाही."

"अरे, मग आभारांशिवाय संपवा!"

"इतिवृत्ताचं शेवटचं वाक्य ठरलेलं आहे साहेब. 'आभार मानल्यानंतर सभा संपली.' आभारच नाहीत, तर मी लिहू काय? माझं कपाळ?"

शिडीवर चढलेल्या वायरमनने विचारलं, "उतरवू का?"

"सभा संपलीये का?" लेखापाल त्याच्यावर खेकसले. "नाही ना? मग हात नाही लावायचा!"

"आणि विजेचं बिल?" उपाध्यक्षांनी हळूच विचारलं.

"सभेच्या खर्चात. सभा चालू आहे तोवर."

हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर लेखापालांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर पदराने चष्मा पुसत होत्या.

"किती दिवस सुचणार नाही तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"बदली होईपर्यंत तरी काही सुचेलसं वाटत नाही."

अध्यक्ष "कर्म माझं" म्हणत गुडघे धरून उठले. मग पँट झटकत एकेक सदस्य निघाला. चालू सभा सोडून जाणाऱ्यांची गैरहजेरी लागेल, असं लेखापाल प्रत्येकाला सांगत होते. लागू दे म्हणत प्रत्येक जण पुढे जात होता. वायरमन शिडी खांद्यावर टाकून केव्हाच पसार झाला होता. सिस्टर दवाखान्याकडे उतरून गेल्या.

लेखापाल एकटे उरले. त्यांनी पिशवीतून कार्यालयाची पाटी काढली, नियमाप्रमाणे ती दिव्याच्या खांबाला अडकवली, सरळ आहे की नाही ते दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि तेही गेले.

जरा वेळाने सासूच्या हाताला धरून एक अवघडलेली पोरगी पायऱ्यांपाशी आली. दोघींचं काहीतरी मोठमोठ्याने चाललं होतं. सासूने मान वर करून पाटी वाचली: 'सभा चालू आहे. शांतता राखा.' तिने सुनेला डोळ्यांनी दटावलं, आणि दोघी चकार शब्द न काढता, दिव्याखालून, एकेक पायरी नीट बघत उतरल्या.