यंत्र कोण लावणार?

आशा गेल्याचं कळलं, त्या दिवशी दुपारीच तिच्या कॉलेजातले फिजिक्सचे विभागप्रमुख धनराजच्या घरी आले. बायको गेलेल्या माणसाचं सांत्वन दोन वाक्यांत उरकून म्हणाले, "परवा युनिव्हर्सिटीचं प्रॅक्टिकल आहे. स्पेक्ट्रोमीटर लावणं फक्त बाईंनाच जमायचं. त्यांची वही मिळेल?"

"बी.एस्सी. झालेल्या बाईला बारा वर्षं प्रयोगशाळेत शिपाई ठेवलंत, सर. तिला वही कशाला लागेल? तुमच्या वर्गात आदिवासी वसतिगृहातल्या तीन मुली आहेत, त्यांना तिनं शिकवून ठेवलंय. त्यांना सांगा."

"त्या सुरगाण्याच्या पोरी?" सर हसले. "अहो, त्या नुसतं रीडिंग उतरवून घेतात. यंत्राला हात मुलंच लावतात."

"मग लावू द्या मुलांना," धनराज म्हणाला आणि आत गेला.

प्रॅक्टिकल पुढे ढकललं. पुण्याहून मेकॅनिक नाशिकला दोनदा येऊन गेला. मुलींना सरांनी अजून विचारलेलं नाही.