फोटोत व्यक्ती आहे

चाकणला मीरासाहेबांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यांची मुलगी कशफ भर दुपारी बाइकच्या आरशाचा फोटो ऑनलाइन विक्रीसाठी चढवत होती आणि सॉफ्टवेअर तो पुन्हा पुन्हा नाकारत होतं. ‘फोटोत व्यक्ती आहे. व्यक्ती हटवा.’

आरशात फक्त समोरची भिंत दिसत होती.

तिने मोबाइल स्टँडला लावला, टायमर सुरू केला आणि दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. तरी तेच उत्तर आलं. या वेळी तर आरशातल्या मोकळ्या भिंतीवर लाल चौकटही आखलेली होती.

“अब्बा, डोकं उठवलंय यानं! हॉर्न, क्लच प्लेट, सगळं मुकाट घेतलं आणि इथंच अडून बसलंय.”

“तूच दिसत असशील, बेटा.”

“अहो, मी बाहेर होते! आता तुम्हीच या समोर. खरा माणूस कसा दिसतो ते कळू दे याला.”

मीरासाहेब हसत आरशासमोर वाकले. मेंदी लावलेली दाढी, चष्मा, सगळं फोटोत स्वच्छ आलं. कशफने रागारागाने तो चढवला.

लगेच हिरवी खूण उमटली. ‘फोटोत कोणीही नाही. फोटो मंजूर.’

कशफला मान वर करवेना.

“काय म्हणतंय गं?” अब्बांनी विचारलं.