निम्म्या वाटेवरचं घर

अमेरिकेतल्या आयोवाच्या माळावर रेल्वे आली, पण ती जुन्या गावाला वळसा घालून गेली. मग सगळं गावच उठून रुळांकडे निघालं. घरांखाली ओंडके सारले, बैल जुंपले आणि घट्ट बर्फावरून घरं ओढत नेली. टॉर्केलचं घर निम्म्या वाटेवर आलं, तेव्हा आत चुलीवर कॉफी उकळत होती.

"एकेक कप घेऊ आणि निघू," टॉर्केल म्हणाला.

"अरे, ऊन चढतंय! आधी घर पोचव, मग पिंपभर पी," त्याची बायको सिग्रिड आतून ओरडली.

त्याने सावकाश दोन कप घेतले. तोवर बर्फाचा चिखल झाला आणि घर एका कुशीवर रुतलं ते रुतलंच.

"पुढच्या हिवाळ्यात नक्की नेऊ," तो दर वर्षी म्हणायचा. कधी बैल आजारी, कधी बर्फ पातळ, कधी त्याची कंबर. तिकडे स्टेशन झालं, धान्याची कोठारं झाली, दुकानं थाटली. इकडे सिग्रिड टेबलावरून घरंगळणारे बटाटे पकडत राहिली, चिमूटभर मिठासाठी मैलभर चिखल तुडवत राहिली.

वाढत वाढत एक दिवस गाव त्यांच्या दाराशी आलं. माणसांनी अंगणासमोर रस्त्याच्या नावाची पाटी ठोकली. टॉर्केल कप घेऊन पायरीवर बसला होता.

"बघ! म्हटलं होतं ना, तुला गावात नेईन?"

"गाव मैलभर चालत आलं, टॉर्केल," सिग्रिड म्हणाली. "तुझी कॉफी काही अजून संपली नाही."