आत कोण बघतंय?

पडद्यावरच्या लॉबीतलं झुंबर पेटलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. सकाळपासून हेच चाललं होतं. पडदा काळा, पंखे गप्प, आणि त्याच्या काचेच्या पेटीतले रंगीबेरंगी दिवेही गेले. चित्रकाराने घड्याळाकडे पाहिलं. बिल्डर आता कुठल्याही क्षणी येणार होता.

चित्रकार म्हणजे इमारतींचा. जागेवर नुसता खड्डा असायचा तेव्हाच तो पडद्यावर तेवीस मजले उभे करायचा. गवत हिरवंगार, रहिवासी सगळे सडपातळ आणि हसरे. माऊस हलवला की गिऱ्हाईक थेट आत फिरून यायचं. या बिल्डरची कामं तो वर्षानुवर्षं करत होता आणि मोबदला रोख न घेता बिल्डरच्याच नव्या इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये वळता करत होता. अठरावा मजला. इमारत आता उभी राहिली होती, रंग तेवढा बाकी होता. त्याच इमारतीचा आजचा पडद्यावरचा फेरफटका बिल्डरला पसंत पडला की करारावर सही, आणि भाड्याच्या या खोल्यांना कायमचा रामराम.

त्यासाठीच त्याने पडद्यावरची चित्रं झरझर उभी करणारं नवं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं. ते मिरवायला हवं म्हणून काचेची पेटी घेतली. बायकोही याच धंद्यात होती. भिंती, जिने, खिडक्या ती उभ्या करायची, झुंबरं तो टांगायचा. कार्डाचा खोका तिने वाचला होता. साडेआठशे वॅटचा पॉवर सप्लाय लावा, असं त्यावर ठळक छापलं होतं. घरातला जुना सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, साडेचारशेचा होता.

"अरे, सप्लायही बदल," ती तेव्हाच म्हणाली होती. "हे कार्ड एरवी निवांत असतं. जड चित्र आलं की क्षणात दुप्पट वीज ओढतं. त्या जुन्याला झेपायचं नाही."

"अगं, तो खाली पत्र्याच्या झाकणाआड असतो. आत कोण बघतंय?" असं म्हणून त्याने सप्लायच्या पैशांत रंग बदलणारे दिवे आणले होते.

आता त्याच दिव्यांकडे तो आशेने बघत बसला होता. बायकोने त्याला खुर्चीवरून उठवलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि कार्डाची विजेची ओढ साठ टक्क्यांवर आणून ठेवली. चित्र मंदावलं, झुंबराची चमक उतरली, पण कॉम्प्युटर तग धरून राहिला.

"एवढ्यावरच राहू दे. शहाणपणा करू नकोस," ती म्हणाली.

शेजारच्या खोलीतून त्याच्या आईने विचारलं, "काय रे, लिफ्ट आहे ना तिथे?" तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. इथल्या जिन्यामुळे तिने कित्येक महिन्यांत रस्ता पाहिला नव्हता. नव्या घरी रोज खाली बागेत जाऊन बसायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

"आहे गं, आई," तो म्हणाला.

तेवढ्यात बिल्डर आला. आधी अत्तराचा वास आला, मग तो. काचेच्या पेटीकडे पाहूनच तो खूश झाला. फेरफटका सुरू झाला. फाटक, कारंजं, लॉबी. बिल्डर मान डोलावत होता.

"आता रात्र करा," तो म्हणाला. "सगळ्या घरांत दिवे, लिफ्ट वरखाली. गिऱ्हाइकाचे डोळे दिपले पाहिजेत."

रात्र झाली. पण साठ टक्क्यांची रात्र ती. खिडक्या आजारी माणसासारख्या पिवळट दिसत होत्या. चित्रकाराला राहवेना. बायकोने डोळे वटारले, तोवर त्याने ओढ शंभरावर नेली होती.

तेवीस मजले एकदम झळाळले. बिल्डरच्या तोंडून "वा!" निघालं आणि त्याच क्षणी सगळं काळं झालं.

गेला फ्लॅट, चित्रकाराला वाटलं. त्याने चाचरत सगळं कबूल केलं. कार्ड नवं घेतलं, पण त्याला वीज पुरवणारा डबा जुनाच ठेवला, तो पुरत नाही.

बिल्डर पोट धरून हसायला लागला.

"अहो, घाबरता काय? तुम्ही तर आमची इमारत हुबेहूब दाखवलीत! तुम्ही घरचेच म्हणून सांगतो, ट्रान्सफॉर्मर आम्हीही निम्म्याच ताकदीचा बसवलाय. सगळ्यांनी एकदम एसी लावले की लिफ्टसकट सगळं ठप्प. पण लॉबीतला संगमरवर बघा! लोक तो बघतात. मीटरच्या खोलीत, आत कोण बघतंय?"

त्याने पेन काढलं आणि करारावर झोकात सही ठोकली. पुढच्या इमारतींचं कामही तिथल्या तिथे देऊन टाकलं. आपल्या विचाराचा माणूस सहसा भेटत नाही, असं तो म्हणाला. दारात पोहोचल्यावर तो वळला. "अठरावा मजला ना तुमचा? वारा मस्त येतो हो. पंखासुद्धा लागायचा नाही."

तो गेला. बायकोने करार उचलला, अठरा हा आकडा नीट वाचला आणि कागद नवऱ्याच्या हातात ठेवला. वर्षानुवर्षांची कमाई त्या कागदात होती.

आतून आईने हाक मारली. "झालं का रे आपलं घर? लिफ्ट चांगली आहे ना?"

चित्रकाराला काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड दिसत होतं.

"खूप चांगली आहे, आई," तो म्हणाला. "तिन्ही बाजूंनी आरसे लावलेत."