उचकीवालं हसू

“हसू आलं तरच हस. माझ्यासाठी खोटं हसायचं नाही, शब्द दे,” आपल्या पहिल्या विनोदी मालिकेच्या चित्रीकरणाआधी नवऱ्याने तिला बजावलं होतं. ती प्रेक्षकांत बसून पोट धरधरून हसली. शेवटी सवयीप्रमाणे उचकीही लागली. पुढे सिनेमेही गाजवलेला तिचा नट नवरा आता अर्धांगवायूने खुर्चीला खिळला होता. टीव्हीवर त्याच मालिकेत नव्या नटाने तोंड वाकडं करून नवऱ्याचं आताचं बोबडं बोलणं वठवलं. हशा पिकला. शेवटी तीच उचकी! नवऱ्याने मान वळवली. “तू... हसलीस?” तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने दिग्दर्शकाला फोन लावला. “वहिनी, तुमच्या तेव्हाच्या हसण्याचं रेकॉर्डिंग वापरतोय. इतकं खणखणीत आता कोण हसतं?” “त्यांच्या दुखण्यावर मी हसले नाही, भावोजी. पुसा ते.” “हसण्यावारी न्या हो!” “स्टुडिओतून माझं हसू घेऊन येते,” नवऱ्याला सांगून तिने शांतपणे चपला घातल्या.