आईचं ‘तू’

“आपण दोन घास खाऊन घ्यावेत,” तापानं फणफणलेली तुगिनेम लेकीला म्हणाली. “माझ्यापायी उपाशी राहू नये.”

वुर्यानीनं कपाळाला हात लावला. आई मरणाला टेकलीय, आणि अजून ते ‘आपण’ काही सुटत नाही!

तशा क्लातेन प्रांतातल्या साऱ्याच आया तान्ह्यांशी अदबीनं बोलतात. अदबीचं बोलणं कानांवर पडलं तरच पोराच्या जिभेवर बसतं. पण पोर बोलायला लागलं, की आया ‘तू’वर येतात. तुगिनेम कधी आलीच नाही. तिथल्या भाषेत एकाच गोष्टीला साधा शब्द वेगळा, मानाचा वेगळा. जेवणाचा शब्द, झोपेचा शब्द, अगदी हातापायांचे शब्दसुद्धा लेकीसाठी वरच्या फळीवरचे. एकदा चूल भडकून छप्पर पेटलं, तेव्हाही ही बाई ओरडली ती, “आपण बाहेर यावं हो, आग लागलीय!” गाव थक्क झालं. वुर्यानीही. एवढ्या धुरात एक शब्द खाली घसरू नये, म्हणजे काय जीभ म्हणायची ही!

शेजारची सार्मी तुगिनेमची बालमैत्रीण. ती चिडवायची, “काय गं, लेक आहे की शाळेतली मास्तरीण?”

“पोरीला बोलणं शिकवायचं, तर आधी आपलं तोंड नीट हवं, बये,” तुगिनेम म्हणायची.

शिकवणी फळली. वुर्यानी खरंच मास्तरीण झाली, तीच भाषा शिकवू लागली. पण आई कोंबडीला “कुठं उलथली होतीस गं तू?” म्हणायची, तेव्हा तिला त्या कोंबडीचा हेवा वाटायचा.

आज तिनं आईचा हात धरला. “आई, एकदाच मला ‘तू’ म्हणा ना. मग काही मागणार नाही.”

“भलतंच!” तुगिनेमनं मान फिरवली. “तेवढं मागू नये.”

दुपारी ताप डोक्यात चढला. तुगिनेमचे डोळे उघडे होते, पण नजर ठरत नव्हती. वुर्यानी पेज घेऊन वाकली.

“आलीस तू?” आई म्हणाली. “ये गं, बस अशी जवळ.”

वुर्यानीच्या हातातली वाटी लवंडली. उभ्या जन्मात जे ऐकलं नव्हतं, ते कानांत शिरलं आणि ती ढसाढसा रडू लागली. एवढासा शब्द, आणि केवढी माया मावते त्यात!

“हळू गं सार्मी,” तुगिनेम कुजबुजली. “धाकट्या बाईसाहेब जाग्या होतील. राजवाड्यात कुणी उरलं नाही बघ. राणीसाहेबांनी जाता जाता माझ्या पदरात टाकलंय हे लेकरू. माझीच लेक म्हणून वाढवीन गं. पण त्यांना ‘तू’ म्हणायला माझी जीभ कशी रेटेल?”